तेल, पाणी आणि मधली नाव

मामा रेल्वेत होते. नागपूरहून त्यांची बदली कोलकात्याला गार्डन रीचला झाली, तेव्हा घरात पहिला प्रश्न हा होता की हे असलं नाव कुणी ठेवलं. नदी वळण घेण्याआधी जो सरळ लांब पट्टा वाहते त्याला इंग्रज 'रीच' म्हणत, आणि हुगळीच्या या पट्ट्याला साहेबांचे बागबंगले होते, म्हणून गार्डन रीच. नागपूरचं या जागेशी नातं मात्र जुनं आहे. १८८७ साली स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर रेल्वेचं मुख्यालय इथंच आलं आणि १९५५ साली तिची दक्षिण पूर्व रेल्वे झाली तरी ते हललं नाही. मामांच्या तोंडी शेवटपर्यंत 'बीएनआर' हाच शब्द होता.

मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही तिकडे जायचो. मला दोन गोष्टी आठवतात. एक, मेटियाब्रुझच्या घाटावरून पलीकडे हावड्याच्या बाजूला जाणारी फेरीबोट. माणसं, सायकली, टोपल्या, शिंप्यांकडचे कपड्यांचे गठ्ठे असं सगळं घेऊन ती निघायची आणि पलीकडून तितकंच भरून परत यायची. दुसरी गोष्ट म्हणजे साबणाचा कारखाना. मामा लांबून बोट दाखवून सांगायचे, "लक्स, लाइफबॉय." एवढंच.

पुढं रसायनशास्त्र शिकलो, चार कारखान्यांत नोकरी केली, तेव्हा कळलं की तेल आणि पाणी या दोन जन्माच्या वैऱ्यांमध्ये व्यवहार घडवून आणायच्या दोन युक्त्या आहेत, आणि गार्डन रीचला त्या दोन्ही माझ्या डोळ्यांसमोर होत्या. एक कारखान्याच्या भिंतीआड आणि दुसरी घाटावर.

आधी साबण. १८८८ च्या उन्हाळ्यात कोलकाता बंदरात लिव्हर ब्रदर्सच्या सनलाइट साबणाच्या पेट्या उतरल्या, इथून त्या घराण्याची आपल्याकडची कहाणी सुरू होते. लिव्हर ब्रदर्स इंडिया ही कंपनी ऑक्टोबर १९३३ मध्ये नोंदवली गेली. १९३४ साली मुंबईत शिवडीला साबण निघू लागला आणि त्याच वर्षी कंपनीनं गार्डन रीचचा नॉर्थ वेस्ट सोप कंपनीचा कारखाना भाड्यानं घेऊन वाढवला. १९३९ साली तो विकतच घेतला.

त्या काळी साबण उकळत असे तो घरभर उंचीच्या लोखंडी पॅनमध्ये. आत तेल आणि चरबी, वरून कॉस्टिक सोड्याचं द्रावण, तळातून वाफ. रसायनाच्या पुस्तकात ही अभिक्रिया एका ओळीत उरकते: तेलाच्या रेणूला हायड्रॉक्साइड भिडतो, स्निग्धाम्लं सुटतात, त्यांचा सोडियमशी साबण होतो आणि ग्लिसरीन उरतं. पॅनशेजारी उभ्या असलेल्या माणसाला हे इतकं सरळ दिसत नाही. सुरुवातीला काहीच होत नाही. सगळा कॉस्टिक पाण्यात, सगळं तेल वर, आणि दोघांची गाठ पडणार फक्त जिथं ते एकमेकांना टेकतात त्या पातळ पृष्ठभागावर. मग थोडा साबण तयार होतो. साबणाच्या रेणूची शेपटी तेलात रमते आणि डोकं पाण्यात, त्यामुळं तो नेमका सीमेवर जाऊन बसतो आणि तेलाचे बारीक बारीक थेंब करतो. एका मोठ्या थेंबाचे हजार थेंब झाले की सीमा कित्येक पटींनी लांबते. सीमा लांबली की अभिक्रिया वाढते, अभिक्रिया वाढली की आणखी साबण, आणखी साबण की आणखी बारीक थेंब. आळशासारखी पडून राहिलेली पॅन मग अशी उसळते की वाफ बंद करायची घाई होते. म्हणून जुने कारागीर पॅन पूर्ण रिकामी करत नसत. आदल्या घाण्याचा काही साबण तळाशी तसाच ठेवत, दह्याला विरजण ठेवावं तसा.

ही झाली पहिली युक्ती: सीमा वाढवा. तेल तेलाच्या जागी, पाणी पाण्याच्या जागी, फक्त बांध इतका लांब करायचा की भांडणाला भरपूर जागा मिळेल. पण काही अभिक्रिया एवढ्यावर भागत नाहीत.

प्रयोगशाळेतलं नेहमीचं उदाहरण असं. क्लोरोऑक्टेन हा आठ कार्बनांच्या साखळीला एक क्लोरीन लटकवलेला तेलकट द्रव. त्यातला क्लोरीन काढून तिथं सायनाइड बसवायचा आहे. सोडियम सायनाइड आहे क्षार, म्हणजे तो पाण्यातच विरघळणार. तेव्हा खाली सायनाइडचं पाणी, वर क्लोरोऑक्टेन. उकळा, घुसळा, एक दिवस, दोन दिवस. वरच्या थरात काही म्हणजे काही घडत नाही. उलट खालच्या सायनाइडवर पाण्याचाच मारा होऊन तो फॉर्मेट होऊन वाया जात राहतो. घुसळून थेंब बारीक केले, सीमा लांबवली, तरी फारसा लाभ नाही, कारण सायनाइडला तेलाच्या आत पाऊल टाकायचीच इच्छा नाही. पाण्याचे रेणू त्याच्याभोवती असे दाटीनं उभे असतात की स्टेशनवर एका प्रवाशाला निरोप द्यायला दहा नातेवाईक आलेत. प्रवासी निघेल कसा?

यावर पूर्वी उपाय होता तो खर्चिक. डायमिथिल फॉर्ममाइड किंवा डायमिथिल सल्फॉक्साइडसारखा, दोघांनाही विरघळवणारा द्रावक घ्यायचा. किंवा पाणी अजिबात नको म्हणून कोरड्या ठक्क भांड्यात सोडियम हायड्राइड, सोडामाइड असले पाणी लागलं की पेट घेणारे पदार्थ वापरायचे. कारखान्यात अशा पिंपाचं झाकण उघडताना सगळे दोन पावलं मागं सरकतात.

१९७१ साली चार्ल्स स्टार्क्स या अमेरिकी रसायनशास्त्रज्ञानं एक शोधनिबंध लिहिला. तो कॉन्टिनेंटल ऑइल कंपनीत, म्हणजे तेल कंपनीच्या संशोधन विभागात नोकरीला होता. त्यानं त्या दोन थरांच्या मिश्रणात चिमूटभर, शंभराला एखादा-दीड रेणू या प्रमाणात, चतुष्क अमोनियम किंवा फॉस्फोनियम जातीचा क्षार टाकला. दोन-तीन तासांत सगळं क्लोरोऑक्टेन संपलं. या पद्धतीला त्यानं नाव दिलं फेज ट्रान्सफर कॅटॅलिसिस. मराठी परिभाषेत प्रावस्था-स्थानांतर उत्प्रेरण. कारखान्यात सगळे पीटीसी म्हणतात, आणि मीही तेच म्हणणार.

हा चतुष्क क्षार म्हणजे काय? नायट्रोजनचा एक अणू, त्याला चारी बाजूंनी कार्बनच्या साखळ्या, आणि या गर्दीच्या पोटात एक धन भार. आपल्याकडच्या प्लांटमध्ये 'टीबॅब' नावाच्या पांढऱ्या पावडरीच्या पिशव्या दिसतात ते टेट्राब्युटाइल अमोनियम ब्रोमाइड: चार साखळ्या, प्रत्येकीत चार कार्बन. बाहेरून हा आयन तेलकट, त्यामुळं तेलाला आपला वाटतो. आत धन भार, त्यामुळं ऋण भाराचा जोडीदार त्याला सोडत नाही. तेलात आपला, पाण्याला परका नाही. सीमेवर राहणाऱ्या माणसाला दोन भाषा येतात तसं.

आता घाटावर चला. नाव म्हणजे हा चतुष्क आयन. पाण्याच्या काठावर सायनाइड चढतो. चढताना निरोपाला आलेले बहुतेक पाण्याचे रेणू मागंच राहतात, दोन-चार सोबत येतात. पलीकडच्या तेलाच्या काठावर उतरलेला सायनाइड आता उघडा, मोकळा आणि तापट असतो. पाण्यात तो जितका सुस्त होता तितकाच इथं आक्रमक. समोर क्लोरोऑक्टेन दिसताच तो क्लोरीनला ढकलून स्वतः बसतो. हुसकावलेला क्लोराइड घाटावर येतो, रिकाम्या नावेत चढतो आणि पाण्याकडं जातो. तिथं तो उतरतो, नवा सायनाइड चढतो. नाव जाताना भरलेली आणि येतानाही भरलेली, म्हणून भार कुठंच साचत नाही आणि शंभर प्रवाशांना एक नाव पुरते. मेटियाब्रुझच्या बोटीचं गणित याहून वेगळं नव्हतं. स्टार्क्सची अभिक्रिया मी पुस्तकात वाचली तेव्हा मला पहिल्यांदा त्या बोटीच्या कठड्यावरचा ओला दोरखंड आठवला.

नाव दिसत नाही, पण प्रवासी पाहायचा असेल तर एक सुंदर प्रयोग आहे. आपल्याकडं विहिरीत टाकायचं पोटॅशियम परमँगनेट घ्या. त्याचं जांभळं पाणी खाली आणि वर बिनरंगाचं बेंझीन. हलवलं तरी जांभळं खालीच. आता टीबॅबचे दोन खडे टाकून बाटली हलवली की वरचं बेंझीन जांभळं होतं आणि खालचं पाणी फिकं पडतं. परमँगनेटचा जांभळा ऋण आयन नाव पकडून वर गेला. (घरी करू नये. बेंझीन कर्करोगाला कारण होतं, आणि ते परमँगनेट तेलात गेल्यावर गप्प बसत नाही.) हेच काम क्राऊन ईथर वेगळ्या रीतीनं करतात. ड्यूपाँ कंपनीतल्या चार्ल्स पेडरसननं १९६७ साली जाहीर केलेले हे कड्यासारखे रेणू पोटॅशियमलाच आपल्या पोटात घेतात. मग त्याचा ऋण जोडीदार मुकाट्यानं मागं येतो. पेडरसनला १९८७ साली नोबेल मिळालं, क्रॅम आणि लेन यांच्याबरोबर. क्राऊन ईथर फार देखणे, पण महाग आणि विषारी. आपल्या औद्योगिक वसाहतीत राज्य चतुष्क क्षारांचंच आहे.

नावेची उपमा इथवर छान चालते. पुढं ती थोडी अडखळते, आणि अडखळते तिथंच खरी गंमत आहे.

सायनाइडऐवजी हायड्रॉक्साइड न्यायचा आहे असं समजा. कॉस्टिक सोडा हा कारखान्यातला स्वस्त अल्कली, तेव्हा त्याचाच उपयोग करून घ्यावा असं कुणालाही वाटेल. पण हायड्रॉक्साइडला पाण्याचं इतकं वेड की तो नावेत पाय ठेवायला तयार नसतो. शेजारी एखादा क्लोराइड किंवा ब्रोमाइड असेल तर नाव त्यालाच घेऊन निघते. तरीही ५० टक्के कॉस्टिक आणि चतुष्क क्षार यांच्या जोरावर पोलंडमध्ये मिएचिस्वाव मोंकोशा यांनी १९६५ साली, म्हणजे स्टार्क्सच्या निबंधाच्या आधी, फेनिलअॅसिटोनायट्राइलसारख्या पदार्थांवर कार्बनच्या साखळ्या जोडून दाखवल्या होत्या. कसं? त्यांचं म्हणणं असं की हायड्रॉक्साइड पलीकडं जातच नाही. तो काठावर उभा राहून तेलातल्या रेणूचा एक प्रोटॉन हिसकावून घेतो. प्रोटॉन गेलेला तो रेणू आता ऋण भारित झाला, पण तो मुळात तेलाचा रहिवासी. त्याला मग चतुष्क आयन घाटावरून उचलून आत घेऊन जातो. म्हणजे इथं सगळा खेळ घाटाच्या पायऱ्यांवर. या दोन चित्रांवर, स्टार्क्सचं आणि मोंकोशांचं, नंतर बरीच वर्षं वाद झाले. आज बहुतेक लोक मान्य करतात की दोन्ही बरोबर आहेत, प्रश्न फक्त कुठल्या अभिक्रियेत कोणतं, हा.

आणखी एक खोड. काही प्रवासी नावेत चढतात पण उतरत नाहीत. आयोडाइड त्यातला. त्याला तेल इतकं मानवतं की चतुष्क आयनाला तो तेलाच्या काठालाच धरून ठेवतो. म्हणून नवशिका केमिस्ट जेव्हा "आयोडाइड जास्त चपळ, तेच कच्चा माल म्हणून घेऊ" असं म्हणतो तेव्हा अभिक्रिया जोरात सुरू होते आणि निम्म्यात दमते. सुटलेल्या आयोडाइडनं सगळ्या नावा अडवलेल्या असतात. लोकलच्या दारात उभ्या राहणाऱ्या माणसासारखं आहे हे. तो एकटाच असतो, पण चढणारे वीसजण खोळंबतात.

आता माझी फजिती. तेव्हा मी एका औद्योगिक वसाहतीत पायलट प्लांटवर होतो, नोकरीचं पहिलंच वर्ष. रात्रपाळीला बॅच लावायची होती आणि स्टोअरमध्ये टीबॅब संपलेलं. कपाटात सेट्रिमाइडचा डबा होता. सॅव्हलॉनमध्ये असतं ते सेट्रिमाइड, म्हणजे जखम धुवायचं औषध. तोही चतुष्क अमोनियम क्षारच, मग काय अडचण? टाकला. पुस्तकाप्रमाणं बघायला गेलं तर चूक काहीच नव्हती. अभिक्रिया झालीही. पण स्टरर बंद केल्यावर साइट ग्लासमध्ये थर दिसेनात. नुसतं दाट, दुधासारखं पांढरं. तास गेला, दोन तास गेले. लेयर कट करायला खालचा व्हॉल्व्ह उघडावा तर येतंय ते पाणी की माल, काही कळेना.

चूक इथं होती. सेट्रिमाइडची एकच साखळी लांब असते, बारा ते सोळा कार्बनांची, आणि बाकी तीन आखूड. म्हणजे शेपूट आणि डोकं. म्हणजे साबणच, फक्त भार उलटा. जुने रसायनशास्त्रज्ञ अशा पदार्थांना उलटा साबणच म्हणत. साबणाच्या डोक्याला ऋण भार, याच्या डोक्याला धन. मी नाव सोडायला गेलो आणि साबण सोडून बसलो. टीबॅबच्या चारही साखळ्या सारख्या, त्याला ना शेपूट ना डोकं, तो सीमेवर रांगोळी काढत बसत नाही, आत-बाहेर करतो. चांगल्या नावेनं फेस करता कामा नये, हे मला कुठल्याही पुस्तकानं आधी सांगितलं नव्हतं.

रात्री दोनला ऑपरेटर काका आले. पन्नाशीचे, आधी कुठल्याशा साबण कारखान्यात होते. साइट ग्लासवर टॉर्च मारला, मान हलवली आणि म्हणाले, "साहेब, मीठ टाका."

"मीठ?"

"साबण कसा काढतात? मीठ टाकूनच ना."

पोत्यातलं मीठ पाण्यात विरघळवून सोडलं, थोडं गरम केलं आणि हात जोडून बसलो. पहाटे पाचला साइट ग्लासच्या मधोमध एक रेघ उमटली. एरवी आपण रेघेकडं बघतही नाही.

काकांची युक्ती साबणाच्या पॅनमधलीच होती. तिथं अभिक्रिया पुरी झाल्यावर मिठाचं पाणी सोडतात. पाण्यात मीठ इतकं झालं की साबणाला विरघळायला जागा उरत नाही. दूध फाटावं तसा तो फाटून वर येतो आणि ग्लिसरीनचं खारं पाणी खाली राहतं. नंतर पुन्हा थोडं पाणी देऊन उकळून पॅन कित्येक तास शांत ठेवली की तीन थर बसतात. सगळ्यात वर शुद्ध साबण, सगळ्यात खाली थोडं खारं पाणी, आणि मध्ये एक गडद, घाण ओढून घेतलेला थर. तोच मधला थर पुढच्या घाण्याचं विरजण. असा एक साबण पुरा व्हायला चार-सहा दिवस जायचे.

हे तीन थर लक्षात ठेवा, कारण ते पुन्हा भेटले ते माटुंग्याला.

लिव्हरची कंपनी नोंदवली गेली त्याच ऑक्टोबर १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठानं रासायनिक तंत्रज्ञान विभाग सुरू केला. तोच यूडीसीटी, आजची आयसीटी, जी पुढं माटुंग्याला स्थिरावली. तिथं मनमोहन शर्मा आणि पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत, म्हणजे एनसीएलमध्ये, एल. के. दोरायस्वामी यांनी एक प्रश्न पिढ्यानपिढ्यांच्या विद्यार्थ्यांच्या डोक्यात घातला: दोन थरांमध्ये अभिक्रिया होते तेव्हा वेळ लागतो तो नेमका कुठं? पलीकडच्या बाजारात, म्हणजे तेलातल्या अभिक्रियेत, की नावेत? दोघांचा 'हेटरोजीनियस रिअॅक्शन्स' हा दोन खंडांचा ग्रंथ १९८४ साली आला. पीटीसीसाठी हा प्रश्न कळीचा आहे. स्टार्क्सच्या सायनाइडच्या अभिक्रियेत स्टरर मिनिटाला दोन-तीनशे फेऱ्यांपुढं गेला की आणखी जोरात फिरवून काही फरक पडत नाही. म्हणजे फेऱ्या पुरेशा आहेत, वेळ बाजारात जातोय. मोंकोशा पद्धतीच्या कॉस्टिकच्या अभिक्रियेत मात्र स्टरर जितका जोरात तितका वेग जास्त, बराच वेळ. म्हणजे अडथळा घाटावर आहे. पाचशे मिलिलिटरच्या फ्लास्कमध्ये ही गोष्ट कुणाच्या लक्षात येत नाही, तिथं चुंबक वेड्यासारखा फिरत असतो. दोन हजार लिटरच्या रिअॅक्टरमध्ये मात्र तीच बॅच दुप्पट वेळ खाते आणि मग सगळे कच्च्या मालाला दोष देतात. दोरायस्वामींनी पुढं अमेरिकेत आयोवाला असताना, १९९८ साली, एका सहलेखकासह पीटीसीच्या अभियांत्रिकीचा आढावा घेतला. हा विषय केमिस्टांचा एकट्याचा राहिलेला नाही, असा त्याचा सूर होता.

शर्मांचे विद्यार्थी, मूळचे कोल्हापूर जिल्ह्यातले गणपती यादव, पुढं आयसीटीचे पहिले कुलगुरू झाले. पीटीसीमधल्या तिहेरी द्रव पद्धतीवर त्यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी पुष्कळ काम केलं. तिहेरी म्हणजे काय, तर चतुष्क क्षार जरा सढळ हातानं टाकला आणि पाण्यात मीठ भरपूर असलं की तो चतुष्क क्षार पाण्यालाही नको होतो आणि तेलालाही पुरता नको असतो. मग तो दोघांच्या मधोमध आपला स्वतंत्र थर करतो. नदीच्या मध्यात बेट उभं राहावं तसं. या मधल्या थरात उत्प्रेरक इतका दाट असतो की अभिक्रिया झपाट्यानं तिथंच होते. आणि मुख्य सोय ही की काम झाल्यावर वरचा आणि खालचा थर काढून घेतला की मधला थर जागच्या जागी पुढच्या बॅचला तयार. साबणाच्या पॅनमधला तो मधला थर आठवा. कारण वेगळं, रेणू वेगळे, तरी मीठ वाढवून मधला थर पाडायचा आणि तोच पुन्हा वापरायचा, ही रीत साबणवाल्यांकडं केव्हाची होती.

उत्प्रेरक परत मिळवायची एवढी धडपड केवळ पैशासाठी नाही. चतुष्क क्षार जंतू मारतात, म्हणून तर ते जखमेवर लावतात. तेच सांडपाण्यात गेले की एफ्लुएंट प्लांटमधले, घाण खाऊन पाणी स्वच्छ करणारे जिवाणूही मारतात. ईटीपीवरचा माणूस सकाळी सकाळी फोन करून "काल रात्री काय सोडलं, बग मेले सगळे" असं ओरडतो, तेव्हा उत्तर बहुधा याच पिशवीत असतं. स्टीव्हन रेगननं १९७५ साली यावर उपाय म्हणून चतुष्क क्षार प्लास्टिकच्या मण्यांना कायमचे बांधून टाकले. मणी गाळले की उत्प्रेरक परत. कल्पना नामी, पण बांधलेली नाव कितीशी हलणार? वेग घटतो, मणी स्टररखाली भुगा होतात. मोठ्या प्रमाणावर ती फार रुळली नाही, याचं मला नवल वाटत नाही.

उत्प्रेरक स्वतःही अमर नाही. दाट, गरम कॉस्टिकमध्ये टीबॅब हळूहळू तुटतो आणि ट्रायब्युटाइल अमाइन सुटतं. त्याला मासळी बाजाराचा वास येतो. रिअॅक्टरजवळ तसा वास आला की समजावं, नावेला भोक पडलंय. गार्डन रीचला हा वास आला असता तर कुणाच्या लक्षात आलं असतं का, याची मला शंका आहे.

हे सगळं जाऊन कुठं पोचतं? विदर्भ-मराठवाड्यात कापसावर फवारायचं सायपरमेथ्रिन बरेच ठिकाणी पीटीसीनंच तयार होतं. खाली सायनाइडचं पाणी, वर तेलकट थरात बाकीचे दोन घटक, मध्ये चतुष्क क्षार. थरथरत्या हातानं उचलायचा सायनाइड पाण्याच्या थरातच राहतो, गरजेपुरताच नावेतून वर जातो आणि वर जाताच रेणूत बांधला जातो. लग्नकार्यात दिसणारे वीस लिटरचे निळे पाण्याचे जार ज्या पॉलिकार्बोनेटचे असतात तेही दोन थरांच्या सीमेवरच्या अभिक्रियेनं बनवण्याची पद्धत आहे, आणि तिथंही अमाइन किंवा चतुष्क क्षार मदतीला असतात. औषधांचे मधले टप्पे तर असंख्य.

शेवटी पलीकडचा काठ. मेटियाब्रुझसमोर, हुगळीच्या त्या बाजूला शिबपूरचा वनस्पती बाग. १७८७ साली कर्नल रॉबर्ट किड यांनी सुरू केलेला, त्या अवाढव्य वडासाठी प्रसिद्ध. मामा आम्हाला वड दाखवायला घेऊन जायचे आणि आम्ही पारंब्यांत लपाछपी खेळायचो. या बागेचे अधीक्षक थॉमस अँडरसन यांनी १८६० च्या दशकात दक्षिण अमेरिकेतला सिंकोना दार्जिलिंगच्या डोंगरात रुजवला. मुंगपूची लागवड ती हीच. मलेरियावरचं क्विनीन त्या सालीतून येतं. पण सालीत क्विनीन एकटं नसतं, सिंकोनीन वगैरे भावंडंही असतात. बंगाल सरकार मुंगपूला स्वस्तातलं 'सिंकोना फेब्रिफ्यूज' तयार करी तेव्हा ही सगळी भावंडं त्यात एकत्रच असत.

त्या सिंकोनीनचं भाग्य उजळलं ते शंभर वर्षांनी. पुष्कळ औषधी रेणूंची दोन रूपं असतात, डाव्या आणि उजव्या हातासारखी, आणि शरीराला बहुधा एकच हात हवा असतो. साधी नाव दोन्ही हात सारखेच घडवते. १९८४ साली मर्क कंपनीतल्या रसायनशास्त्रज्ञांनी सिंकोनीनपासूनच चतुष्क क्षार बनवला. तो रेणू स्वतः एका बाजूला वळलेला, वाकडा. त्याच्या बैठकीत बसलेल्या प्रवाशाला एकाच बाजूनं हात पुढं करता येतो. त्यांनी एका मूत्रल औषधाच्या तयारीत, टोल्युइन आणि ५० टक्के कॉस्टिक यांच्या दोन थरांत, जवळजवळ सगळा माल एकाच हाताचा काढून दाखवला. तेव्हापासून सिंकोनाच्या सालीतले हे रेणू अशा एकहाती पीटीसीचे आवडते सांगाडे झाले.

मामा निवृत्त होऊन नागपूरला परतले तेव्हा सामानात शिबपूरच्या वडाची पानं दाबलेली एक वही होती. सिंकोनाचं पान तिच्यात नाही. ते झाड सखल, दमट कोलकात्यात जगत नाही, त्याला डोंगर लागतो, म्हणून तर अँडरसन ते दार्जिलिंगला घेऊन गेले.